बेसिकसमोरची चौकट

“ही इंडियन आहे ना? मग रीसिटला कशी?”

माझ्या मागच्या रांगेतून हे आलं. कुजबुजीतच, पण मला ऐकू येईल एवढ्या कुजबुजीत. बोलणारीच्या शेजारची मुलगी म्हणाली, “वर्ग चुकली असेल. सांग ना कोणीतरी तिला.” दोघी हसल्या. हसण्यात वाईटपणा नव्हता, खरंच नवल वाटल्यासारखं होतं. मी पेन्सिलीला टोक करत राहिले. टोक आधीच होतं.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजचा, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीचा, हा मंगळवार दुपारचा वर्ग. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, ज्यांचं गणित राहिलं होतं त्यांनी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा द्यायचं, त्यासाठीचा. हजेरीच्या यादीत सगळ्यांच्या नावापुढे रीसिट असं छापलेलं होतं, माझ्याही. मी ही परीक्षा आधी कधी दिलेलीच नव्हती. जी एकदाही दिली नाही ती परीक्षा मी पुन्हा देत होते. मागे वळून त्या दोघींना हे सांगावं असं वाटलं. पण माझं असं होतं की सांगायचं वाक्य मी आधी मनात नीट लावून घेते, आणि ते लागेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्या दोघी तोवर नखांच्या रंगावर बोलायला लागल्या होत्या.

मला डेंटिस्ट व्हायचं होतं. हे ऐकल्यावर लोक “का?” विचारतात, आणि मी “सायन्स आवडतं आणि लोकांना मदत करायला आवडतं” असं पाठ उत्तर देत असे. खरं कारण मुलाखतीत सांगण्यासारखं नव्हतं. बारावीच्या आदल्या उन्हाळ्यात मी दातांच्या एका दवाखान्यात आठवडाभर अनुभवासाठी गेले होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसतं बघायचं. एक म्हातारे गृहस्थ आले, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. डॉक्टरीणबाई त्यांच्याशी अगदी हळू आवाजात बोलत होत्या. आता थोडं गार लागेल, आता पाच आकडे मोजा, झालं. आजोबांना काही उत्तर द्यायचं नव्हतं, तोंड उघडं होतं. पण हळूहळू त्यांचे हात सैल झाले. मला वाटलं, हे मला जमेल. समोरच्याने बोलायची सक्ती नाही, मी बोलायचं ते थोडं आणि नेमकं, आणि बाकी सगळं हातांनी. भूमितीच्या तासाला कंपासने कोन दुभागताना मला जसं शांत वाटायचं, तसं त्या स्टुलावर बसून वाटलं होतं. घरी आल्यावर मी आईला फक्त “छान होतं” म्हणाले.

तोवर आम्हाला येऊन एक वर्ष झालं होतं. बाबांना त्यांच्या कंपनीने पुण्याहून इकडे पाठवलं आणि माझी दहावी झाल्या झाल्या आई आणि मीही आलो. अर्ज करायची वेळ आली तेव्हा मी एकेका विद्यापीठाची अट वाचायला घेतली. डेंटिस्ट्रीला इथे गणित पुढे शिकलंच पाहिजे असं बहुतेक ठिकाणी नसतं. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, बायॉलॉजी आणि केमिस्ट्री हवं, ते माझ्याकडे होतं. गणित मागतात ते फक्त जीसीएसईचं, मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी नऊपैकी सहा किंवा त्याहून वरची ग्रेड, किंवा दुसऱ्या देशातलं तेवढ्याच तोडीचं काही. आम्ही निर्धास्त होतो. माझ्याकडे दहावीचे शंभरापैकी शहाण्णव होते. बाबा तर म्हणाले, “हे काय विचारतात तरी. आपल्याकडे पहिलीतल्या पोराला बसवलं तर सहा मिळवेल.”

मग एका विद्यापीठाचा ईमेल आला. तुमच्या मार्कशीटवर गणितापुढे ‘बेसिक’ असं लिहिलेलं आहे, ते आम्ही धरत नाही. ‘स्टँडर्ड’ असतं तर चाललं असतं. दुसऱ्याचंही तेच उत्तर आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या केंद्रीय बोर्डात दहावीला गणिताचे दोन पेपर होते. पुस्तक एकच, शिकवणं एकच, पण परीक्षेचा पेपर वेगळा. पुढे गणित घ्यायचं त्यांनी स्टँडर्ड, घ्यायचं नाही त्यांनी बेसिक. नववी संपता संपता एक फॉर्म भरून द्यायचा, दोन चौकटींपैकी एकीत टिक करायची, खाली पालकांची सही. बायोवाले सरसकट बेसिक घेतात, उगाच कशाला डोक्याला ताप, असं शाळेत सगळेच म्हणायचे. त्या एका टिकचं विमानात बसून रीडिंगला येणं कोणाच्या डोक्यात असणार?

गंमत म्हणजे इथेही तसंच निघालं. जीसीएसईच्या गणितालाही दोन पातळ्या असतात, फाउंडेशन आणि हायर. फाउंडेशनचा पेपर कितीही छान सोडवला तरी पाचच्या वर ग्रेड मिळत नाही. मला हवी सहा. आणि रीसिटच्या वर्गात शिकवतात ते फाउंडेशन, कारण तिथल्या मुलांना चार मिळवून सुटायचं असतं. दुसऱ्या मंगळवारी बाईंनी सगळ्यांना टक्केवारीचे कागद वाटले आणि माझ्यासमोर वेगळा, हायरचा गठ्ठा ठेवला. “तू आपलं आपलं कर, अडलं तर हात वर कर,” म्हणाल्या. मागून लगेच आवाज आला, “बघ! म्हटलं नव्हतं मी?” मी हात एकदाही वर केला नाही. त्यामुळे मला कोणीतरी घरी शिकवणं भाग होतं, आणि बाबांनी ते स्वतःकडे घेतलं.

बाबांचं ऑफिस मोटरवेला लागून असलेल्या त्या काचेच्या इमारतींमध्ये होतं. पुण्यात ते आठ-साडेआठला घरी यायचे आणि जेवताना फोनवर असायचे. माझा अभ्यास त्यांनी कधी घेतला नव्हता, घ्यायची गरजही पडली नव्हती. इथे मात्र सप्टेंबरपासून ते बरोबर सहाला दारात असायचे. बूट काढता काढताच विचारायचे, “काढलंस का पुस्तक?” सव्वासहाला आम्ही जेवणाच्या टेबलाशी.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक गणित वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “सोपं आहे. अवयव पाड.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “काय पाडू?”

“अवयव.”

“कोणाचे?”

“अगं कोणाचे म्हणजे? ह्याचे!” त्यांनी एक्सच्या वर्गावर बोट ठेवलं.

माझ्यासाठी अवयव म्हणजे यकृत, मूत्रपिंड. बाबा बार्शीला मराठी शाळेत शिकलेले, मी पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात. बाबा इंग्रजीत कोड लिहितात, मीटिंगा घेतात, पण गणित त्यांच्या डोक्यात अजून मराठीतच चालतं. लसावि, मसावि, सहगुणक, छेद, कर्ण. ‘फॅक्टराइझ’ म्हणजेच अवयव पाडणं हे कळल्यावर मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. “काय झालं?” “काही नाही, आम्ही अवयव पाडतोय,” बाबा म्हणाले. आई म्हणाली, “पाडा. पण कढी गार होतेय.”

आकड्यांची तर रोज मारामारी. ते म्हणायचे “एकोणऐंशी” आणि मी लिहायचे एकोणनव्वद. ते वहीत बघून कपाळाला हात लावायचे. “अगं ऐंशीला एक कमी! त्यात न समजण्यासारखं काय आहे?” मग मी म्हणायचे, “मग सरळ सेव्हन्टी-नाइन म्हणा ना बाबा.” आणि ते म्हणायचे, “ते मला उशिरा सुचतं.” आठवड्याभरात आमची एक भाषा तयार झाली, दुसऱ्या कोणाला कळली नसती अशी. वर्तुळाला लागून जाणारी रेघ मला टँजन्ट म्हणून माहीत होती, बाबांना स्पर्शिका. मला स्पर्शिका जास्त आवडली. नुसता स्पर्श करून जाते. वहीत मी टँजन्टच लिहायचे, पण तोंडाने स्पर्शिका म्हणायला लागले.

आता मी दुसऱ्या शहरात राहते, दिवसभर दुसऱ्यांच्या दातांत डोकावून बघते. माझ्या खोलीतलं टेबल एका माणसापुरतं आहे. संध्याकाळी सहा वाजता कधीकधी, काही कारण नसताना, मी दाराकडे बघते. अठरा वर्षांत बाबा माझ्या वाट्याला आले ते त्या दोन महिन्यांत. त्यांचा डावा कोपर माझ्या वहीच्या कडेवर, ऑफिसच्या शर्टाला दिवसभराचा वास, आणि मी चुकल्यावर लगेच न सांगता “बघ हं एकदा” म्हणून थांबणं. त्याआधी आमच्यात बोलण्यासारखं काही होतं असं मला आठवत नाही.

पण त्या संध्याकाळी माझ्या हक्काच्या नव्हत्या. बाबा टेबलाशी बसत होते ते स्वतःला शिक्षा म्हणून. ही शिक्षा त्यांची नव्हती.

विद्यापीठाचा तो ईमेल आला त्या दिवशी बाबांनी शाळेचा फॉर्म आठवायचा प्रयत्न केला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी सही केली होती त्याच्यावर,” म्हणाले. “न वाचता.” आईने ते वाक्य पकडलं आणि सोडलंच नाही. भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट आलं की, “चार वेळा वाचा हं. पोरीचा फॉर्म तेवढा न वाचता करायचा असतो.” पासवर्ड विसरले की, “सही तेवढी लक्षात असते.” आई कडवट नाही, पण घाबरली की तिची जीभ अशी चालते. बाबा ऐकून घ्यायचे. सहा वाजता यायचे आणि पुस्तक उघडायचे.

खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं.

नववीत माझ्या बाकावर माझी मैत्रीण बसायची. पाचवीपासून एकाच बाकावर. तिला गणिताची भीती वाटायची, खरीखुरी, पेपरच्या आदल्या दिवशी उलट्या व्हायच्या. ती बेसिक घेणार हे ठरलेलंच होतं. शाळेने सांगितलं होतं की दहावीच्या दिवाळीनंतर उजळणीसाठी दोन तुकड्या होतील, बेसिकची वेगळी, स्टँडर्डची वेगळी. फॉर्म हातात आल्यावर ती म्हणाली, “तू काय, तू हुशार लोकांत जाणार. जा. मी त्या बॅचमध्ये एकटी मरते.” ती नेहमी असंच बोलायची, अर्धी गंमत. मी ‘हो मर’ म्हणायला हवं होतं. मला गणित आवडायचं. मला भूमितीचा तास आठवड्यात सर्वांत जास्त आवडायचा. बायो घेतलं तरी स्टँडर्ड ठेव, दार उघडं राहतं, असं गणिताच्या मॅडमनी मला एकटीला थांबवून सांगितलंही होतं. मी त्यांना हो म्हटलं, बाकावर येऊन बसले आणि पेनाने बेसिकसमोरच्या चौकटीत टिक केली. मैत्रिणीने ती बघितली. आणि नुसता पाय माझ्या पायावर आपटला. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. अजूनही आठवलं की वाटतं.

त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा रीडिंगला निघायच्या तयारीत होते. घरभर बॅगा उघड्या. मी फॉर्म वॉशिंग मशीनवर ठेवला, बोटाने सहीची जागा दाखवली.

“कसला आहे?”

“सबजेक्ट्सचा.”

“वाचू का?”

“नको. नेहमीचंच आहे.”

त्यांनी सही केली.

मैत्रिणीशी माझं आता फारसं बोलणं होत नाही. भांडण नाही झालं. ती कॉमर्सला गेली, तिचे नवीन मित्रमैत्रिणी झाले. मी वाढदिवसाला मेसेज करते, ती हृदयाचं चिन्ह पाठवते. रीसिटच्या त्या वर्गात मी एकटी माझा गठ्ठा घेऊन बसायचे तेव्हा कधीकधी मला वाटायचं, ती इथे असती तर तिने मागच्या दोघींना एका वाक्यात गार केलं असतं. मग तिचा पाय माझ्या पायावर आपटेल म्हणून मी पाय थोडा पुढे करून ठेवायचे.

घरी मात्र मी बोलले नाही. आधी भीतीने. मग आईच्या टोमण्यांमध्ये मध्ये पडायचं कसं ते कळेना म्हणून. आणि नंतर एका कारणाने, जे मला स्वतःलाही नीट बघवत नव्हतं. बाबांना कळलं असतं की चूक त्यांची नाही, तर ते सहा वाजता कशाला आले असते? एखादी ऑनलाइन शिकवणी लावून दिली असती. पुन्हा जेवताना फोन.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिसऱ्या विद्यापीठाचं उत्तर आलं. मला मनापासून जायचं होतं ते हेच. त्यांनी लिहिलं होतं, नोव्हेंबरच्या परीक्षेचा निकाल आम्ही विचारात घेऊ, पण बेसिक घेण्यामागे काही विशेष परिस्थिती असेल तर ती अर्जासोबत लेखी कळवा. बाबांनी ईमेल दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी करता येणार होतं.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर ते लॅपटॉप घेऊन टेबलाशी आले. आई बाहेर बागेत कपडे वाळत घालत होती, ऊन आहे तोवर. “गणित मी बघतो, इंग्रजी तू बघ,” बाबा म्हणाले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

पत्र ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ने सुरू होत होतं. मी म्हटलं, “इथे डिअर अ‍ॅडमिशन्स टीम लिहितात.” “कर मग तसं.” मी केलं. पुढे लिहिलं होतं की मी खाली सही करणार, मुलीचा पिता. माझी मुलगी पहिल्यापासून गणितात उत्तम आहे. परदेशी येण्याच्या गडबडीत मी तिच्या विषयांचा फॉर्म न वाचता सही केली. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि या दोन पर्यायांतला फरक तिला ठाऊक नव्हता. तिने समोर आलं ते घेतलं. तिच्या वडिलांच्या चुकीची शिक्षा तिला होऊ नये, अशी विनंती.

मी एक स्वल्पविराम घातला. एक ‘द’ काढला. “फरक तिला ठाऊक नव्हता” या वाक्यावर कर्सर नेला आणि तिथे एक स्पेस जास्त पडली होती ती काढली.

बाबा संत्रं सोलत होते. एक फोड माझ्यापुढे ठेवली. “जमलंय ना? फार भीक मागितल्यासारखं नाही ना वाटत?”

“नाही.”

“एक सांग. निष्काळजीपणाला मी केअरलेसनेस लिहिलंय. नेग्लिजन्स जास्त जड आहे ना? कायद्यात वापरतात तो?”

“हो.”

“मग नेग्लिजन्सच घाल. त्यांना कळू दे की पोरीचा काही दोष नाही.”

मी केअरलेसनेस खोडलं. एन टाइप केला, मग ई. बाहेर आई कपड्यांचे चिमटे तोंडात धरून बाबांचे ऑफिसचे शर्ट एकेक करून झटकत होती, पाच शर्ट, सहाला घरी आलेल्या पाच दिवसांचे. बाबा टेबलावरच्या संत्र्याच्या सालींची नीट ढिगली करत होते. माझी वाट बघत होते, जशी गणित अडल्यावर बघायचे.

मला वाक्य लावायला वेळ लागतो. मी आधी ते इंग्रजीत लावलं, कारण तसं ते दुसऱ्याच कोणाबद्दलचं वाटत होतं. ते झालं नाही. मग मराठीत लावायला गेले तर शब्दच पुरेनात. शेवटी मी न लावताच बोलले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला.

“बाबा, इंग्रजी बरोबर आहे, पण हे पाठवू नका. टिक मी केली होती. मला फरक माहीत होता, मॅडमनी सांगितलं होतं, आणि तुम्ही वाचू का विचारलंत तेव्हा मीच नको म्हटलं. आईला मी सांगते. फक्त उद्या सहाला या. स्पर्शिका अजून राहिल्यात माझ्या.”